पिनसकट दिलेला किरमिजी टाय

बिस्मिल्लाह.

मी, नूरुद्दीन महमद फणसोपकर, वय वर्षे सत्तावन्न, धंदा नोकरी, मूळ राहणार मौजे बंदरवाडी, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम देरा, दुबई, हा कागद आज शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजाआधी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी छाती बिघडली आहे, डोके बिघडलेले नाही. मला कोणी धमकी दिलेली नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही, आणि शाईसुद्धा माझ्याच दौतीतली आहे. लिहिताना अंगात धुतलेला सदरा आहे आणि गळ्यात टाय आहे. सुट्टीच्या दिवशी, दुखणाईत माणसाच्या गळ्यात टाय कशाला, असे वाचणाऱ्याला वाटेल. त्याचा खुलासा पुढे येईल, कारण या मृत्युपत्रातला निम्मा मजकूर त्या टायचाच आहे.

कलम १. माझ्यामागे तीन वारस राहतील. पत्नी साजिदा, एकुलती मुलगी हाफिजा, आणि धाकटा सख्खा भाऊ याकूब. आईवडील गेले, मुलगा झाला नाही. मुलगा नसला की शरियतप्रमाणे भाऊ वारसांत येतो. हे मला पूर्वीपासून ठाऊक होते आणि त्यात काही वाईट वाटत नव्हते. उलट आपल्यामागे बायकांना एक पुरुष माणूस असेल, असा धीर वाटायचा. आता तो धीर उरलेला नाही.

कलम २. बंदरवाडी येथे माझे चिऱ्याचे कौलारू घर आहे. ओटी, माजघर, दोन खोल्या, मागे पडवी, विहीर, तेवीस माड आणि एक रातांबा. हे घर मी सन १९५७ साली बांधले. वडिलोपार्जित त्यात काहीही नाही, एक खुंटीसुद्धा नाही. सध्या तिथे साजिदा आणि हाफिजा राहतात. हाफिजाने ओटीवर शिवणयंत्र मांडले आहे. गावातल्या मुली तिच्याकडे शिकायला येतात, आणि दोन्ही ईदांना तिला मान वर करायला फुरसत मिळत नाही, असे साजिदा लिहिते.

माझी इच्छा अशी की हे संपूर्ण घर हाफिजाच्या एकटीच्या नावावर व्हावे आणि साजिदाने अखेरपर्यंत तिथे मालकिणीच्या तोऱ्यात राहावे. तोरा तिला शिकवावा लागणार नाही. तिने आपला वाटा मुलीसाठी सोडल्याचे, आणि माझ्यामागेही हेच म्हणेन असे, पत्र पाठवले आहे. ते सोबत जोडले आहे.

कलम ३. पण इच्छा लिहिली म्हणजे काम झाले असे नाही. आमच्या मशिदीच्या मौलवींना मी दोनदा विचारले, दुसऱ्यांदा उत्तर बदलेल या आशेने. ते म्हणाले, मालमत्तेचे आठ वाटे धरा. चार मुलीचे, एक पत्नीचे, उरलेले तीन भावाचे. मृत्युपत्राने एका वारसाला जास्त द्यायचे असेल, तर बाकीच्या वारसांची संमती पाहिजे, आणि ती संमती माणूस मेल्यानंतर दिलेलीच चालते. मी विचारले, जिवंतपणीच घर तिला बक्षीस देऊन टाकले तर? मौलवी म्हणाले, शेवटच्या दुखण्यात दिलेले बक्षीसही मृत्युपत्रातच मोजतात. डॉक्टरने माझी बोट आणि विमान दोन्ही बंद केलेली आहेत, त्यामुळे हे दुखणे कितवे, हे मला कोणी सांगायला नको.

तात्पर्य, मी बांधलेल्या घराच्या आठ वाट्यांपैकी तीन याकूबचे. त्याने मनात आणले तर हाफिजाचे शिवणयंत्र ज्या ओटीवर आहे ती ओटी त्याची होईल. म्हणून हा कागद नावाला मृत्युपत्र असला तरी खरे म्हणजे याकूबला केलेला अर्ज आहे. सतरा वर्षे मी ऑफिसात बसून दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. हा माझा पहिला आणि शेवटचा. अर्जाला कारण द्यावे लागते, ते पुढे देतो.

कलम ४. सन १९५१ मध्ये मी खाडीकाठच्या एका इंग्रजी कंपनीत कारकून म्हणून लागलो. कंपनी मालाच्या बोटींची एजन्सी बघते. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून, गळ्याचे बटण लावून गेलो. साहेबांनी मला उभे ठेवले, आपल्या खणातून एक टाय काढून टेबलावर टाकला आणि आपल्या हिंदीत म्हणाले, "टाय नहीं, तो क्लार्क नहीं. कस्टमर." तो टाय बांधायला मला पाऊण तास लागला. संध्याकाळी खोलीवर जाऊन आरशासमोर पुन्हा शंभर वेळा बांधला असेन.

तेव्हापासून टाय सुटला नाही. शुक्रवारीही नाही, कारण बोटी बाहेर समुद्रात नांगर टाकतात आणि त्यांना वार कळत नाही. लाँच आली की जो कारकून टायसकट सापडेल त्याने शिडी चढून कागद घेऊन जायचे. ऑगस्टच्या उकाड्यात, छतावर एकच पंखा, गळ्याभोवती घामोळ्यांची माळ, पण गाठ जागच्या जागी. मी एकटाच असा होतो असेही नाही. बँकेतला आणि कस्टममधला कारकून, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे तसेच. ईदेला आम्ही ट्रक करून जुमेराच्या किनाऱ्यावर जायचो. वाळूत चूल मांडून सुरमई तळायची, पाटलोणी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, पाय अनवाणी आणि गळ्यात टाय. एखाद्याने टाय सैल केला तर बरे वाटत नाही का, असे विचारायचे.

रजेवर गावी गेलो तरी तेच. एकदा माडांचे नारळ पाडायला माणूस आणला होता आणि मी खाली टाय घालून नारळ मोजत उभा होतो. तो शेंड्यावरून ओरडला, "भाय, दोर गल्यात बांधून काय उपेग? कमरेला बांधा नि वर या!" साजिदा तोंडाला पदर लावून आठ दिवस हसत होती. मला त्याचा राग आला नाही. उलट बरेच वाटले. ज्या गावात माझ्या बापाला लोक "ए महमद" म्हणून हाक मारायचे, त्या गावात मला "टायवाले" म्हणत होते.

सन १९५८ मध्ये ते साहेब विलायतेस कायमचे गेले. जाताना त्यांनी मला टायला लावायची चांदीची पिन दिली. तिच्यावर माझ्या नावाचे इंग्रजी पहिले अक्षर कोरून घेतले होते, एन. पुढच्या रजेत हाफिजाने ती पिन हातात घेऊन त्या अक्षरावरून बोट फिरवले होते. मी तिला सांगितले, हे तुझ्या अब्बांचे अक्षर. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. इंग्रजीतले तेवढे एकच अक्षर तिला येते.

कलम ५. आता माझा गुन्हा लिहितो. दुसऱ्याचा लिहायचा तर आधी आपला लिहावा, नाहीतर साक्षीदारांसमोर कागद वाचताना जीभ अडखळेल.

आमच्या देऱ्यातल्या खोलीत आमच्या तालुक्यातले नऊ जण राहायचे, जुने जात आणि नवे येत. कोणी लाँचवर खलाशी, कोणी गोदामात हमाल, कोणी चहाच्या हॉटेलात. टाय असलेला मी एकटा. माझ्याकडे तीन टाय: काळा, निळा आणि पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांचा किरमिजी. किरमिजी टाय दाराशेजारच्या खिळ्याला असायचा, गाठ बांधलेला, आणि तो फोटोचा टाय होता. गावाकडे मुलगी बघायची असली की मुलाचा फोटो पाठवावा लागायचा. मग ज्याची पाळी असेल त्याने खिळ्यावरचा टाय डोक्यातून घालायचा, बाजारातल्या फोटोवाल्याकडे जाऊन रंगवलेल्या जिन्यासमोर उभे राहायचे, आणि परत येऊन टाय पुन्हा खिळ्याला अडकवायचा. फोटोच्या मागे मजकूर मी लिहायचो, माझे अक्षर चांगले म्हणून. "दुबई, ऑफिसात नोकरीस." असे चौदा फोटो गेले आणि चौदा लग्ने झाली. कोणाही मुलीच्या बापाने मला विचारले नाही, मीही कोणाला सांगितले नाही. पोरे कष्टाची होती, निर्व्यसनी होती, म्हणून मला ते खोटे वाटले नाही. चेहऱ्याला पावडर लावण्यापैकी वाटले.

कलम ६. याकूबला मी सन १९५५ मध्ये माझ्या जबाबदारीवर दुबईला आणला. माझ्या ताटात जेवला, माझ्या शेजारी झोपला. तो एका कापडाच्या दुकानात विक्रीला होता. सन १९६१ च्या डिसेंबरात, एका शुक्रवारी, मला म्हणाला, "भाईजान, पासपोर्टचा फोटो काढायचाय. तो लाल टाय द्या ना, पिनसकट द्या. जरा स्टँडर्ड दिसलं पाहिजे."

पिन मी कोणाला देत नसे. चौदांपैकी एकालाही दिली नव्हती. पण हा भाऊ. मी गाठ सोडून पुन्हा नीट बांधली, पिन स्वतः लावली आणि टाय त्याच्या हातात दिला. दोन दिवसांनी त्याने तो परत आणला. घडी नीट होती.

पुढच्याच आठवड्यात त्याने हाफिजासाठी स्थळ आणले. "बहरीनला माझ्या ओळखीचा मुलगा आहे, शौकत. आपल्याच बाजूचा. ऑफिसमध्ये आहे, भाईजान. डेली टाय घालतो. फ्रायडेला सुद्धा."

हे "फ्रायडेला सुद्धा" ऐकले आणि मी विरघळलो. याकूब मला लहानपणापासून ओळखतो, माझ्यात कुठून शिरायचे हे त्याला बरोबर ठाऊक होते. मी फोटो मागितला. तो म्हणाला, "एकच कॉपी होती, ती भाभीला पाठवली. मुलगी त्यांनी द्यायची, त्यांनी बघायला नको का?" मला ते पटलेसुद्धा. साजिदाचे पत्र आले की मुलगा देखणा आहे, हाफिजाने मान हलवली आहे, तुम्ही काय म्हणता. मी लिहिले, याकूबने बघितला आहे, मग मी निराळे काय बघणार.

एप्रिलात निकाह ठरला. त्या महिन्यात बोटींची गर्दी होती, मला रजा मिळाली नाही. आमच्यात बापाच्या परवानगीशिवाय मुलीचा निकाह होत नाही, म्हणून माझ्या जागी उभे राहण्याचा अधिकार मी पत्र लिहून याकूबला दिला. तो शौकतला घेऊन बोटीने गेला आणि माझी मुलगी माझ्या नावाने त्याच्या हाती देऊन आला. शौकत अडीच महिने बंदरवाडीला राहिला. मग बहरीनला गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. मी याकूबला विचारले की तो म्हणायचा, "ऑफिसचं काम असतं, भाईजान. लिहील, इन्शाल्ला."

कलम ७. सन १९६३ च्या मे महिन्यात मी रजेवर घरी गेलो. माजघरात जावयाचा फोटो काचेत लावलेला होता. मी चष्मा पुसून जवळ गेलो. देखणा होता, त्यात खोटे नाही. रंगवलेल्या जिन्यासमोर उभा होता. तिरप्या पट्ट्यांचा टाय, माझ्या हाताची गाठ, आणि त्यावर माझी पिन. एन.

मी हाफिजाला हाक मारली. विचारले, "हा फोटो कुठला?"

"चाचांनी पाठवलेला तोच, अब्बा. तुम्हीच पिन लावून पाठवलात ना?"

"मी?"

"एन आहे ना त्यावर." ती जवळ आली. "काझीसाहेबांनी विचारलं तेव्हा मला बोलवेना. दोनदा विचारलं. मग मनात आलं, अब्बा ही पिन कोणाला हातसुद्धा लावू देत नाहीत. त्यांनी ती स्वतः ह्याच्या टायला लावलीय, म्हणजे माणूस पारखूनच लावली असणार. म्हणून तिसऱ्यांदा कबूल म्हटलं."

तिने फोटोतल्या माणसाला होकार दिला नव्हता. मला दिला होता. हे मी पाच वर्षे पोटात घेऊन हिंडतो आहे, आणि छाती कशाने बिघडली हे डॉक्टरला कळत नाही.

मी तिथल्या तिथे तिला सगळे खरे सांगितले. ती रडली नाही. उठून फोटो उतरवला, काच पदराने पुसली आणि कपाटावर पालथा ठेवून दिला. मग म्हणाली, "जेवायला वाढते, अब्बा." त्या दिवशीचे जेवण मी कसे जेवलो मला आठवत नाही, पण जेवलो.

कलम ८. दुबईला परत येताच मी अब्र्याने, म्हणजे खाडीतल्या भाड्याच्या होडीने, पलीकडे याकूबकडे गेलो. तो तेव्हा नोकर राहिलेला नव्हता. बर दुबईच्या कापडबाजारात दुकान झाले होते आणि पाटीवर दोन नावे होती: शौकत आणि याकूब. शौकत बहरीनहून कापड पाठवायचा, हा इथे विकायचा. शौकत कधीही कोणत्या ऑफिसात नव्हता; फोटोच्या वेळी तो दोन दिवस दुबईला येऊन गेला होता. त्याला गावाकडे एक घर पाहिजे होते, एक बायको पाहिजे होती, आणि याकूबला दुकान पाहिजे होते.

परतीच्या बोटीवर बहरीनच्या एका खलाशाकडून मला कळले होते, म्हणून विचारले, "त्याला बहरीनमध्ये बायको आहे. हे तुला माहीत होतं?"

"दोन मुलंसुद्धा आहेत. मी त्यांच्याकडे जेवलोय." तो कापडाचा तागा गुंडाळत होता, हात थांबला नाही. "शरियतमध्ये मना आहे का, भाईजान? तुम्हीच बोला."

"दुसरं लग्न मना नाही. लपवणं मना आहे."

"मग त्या चौदा फोटोंच्या मागे तुम्ही काय लिहिलंत? ते लपवणं नव्हतं? खलास, भाईजान. मी तेच केलं. तुमच्याकडूनच शिकलो."

त्या चौदा मुलींचे बाप मला परके होते आणि हाफिजा त्याच्या सख्ख्या भावाची मुलगी होती, एवढाच फरक मी दाखवू शकतो, आणि लिहिताना मला कळते की तो फरक फार मोठा नाही. पण त्या चौदांनी बायका टाकल्या नाहीत. आणि मी चुकलो ते पावडर समजून चुकलो. याकूबला सगळे ठाऊक होते आणि माझ्याच हाताने पिन लावून घेऊन गेला. मी त्याला विश्वासघातकी म्हणतो. इतकी वर्षे हा शब्द मी कोणाजवळ उच्चारला नाही, आज कागदावर शाईने लिहितो, म्हणजे मागाहून खोडता येणार नाही.

सन १९६६ मध्ये बहरीनहून रजिस्टर पोस्टाने तलाकचा कागद आला. सही होती, कारण नव्हते. त्याच दिवशी हाफिजाने ओटीवर शिवणयंत्र मांडले.

कलम ९. गेल्या महिन्यात मी याकूबला बोलावले. सफरचंदे घेऊन आला, पायाशी बसला. घराचे मी स्पष्ट बोललो. म्हणाला, "शरियतने जे माझं ते माझं, भाईजान. मी मागत नाहीये. पण सोडतो असंही आत्ता कसं बोलू? माझीही मुलं आहेत. बघू ना. इन्शाल्ला तुम्ही बरे व्हाल." मी बरा झालो तर हा प्रश्न उरत नाही, हे त्याच्या लक्षात होते. सफरचंदे मी खोलीतल्यांना वाटून टाकली. गोड होती म्हणाले.

कलम १०. किरकोळ वस्तू. पत्र्याची ट्रंक, छत्री आणि घामोळ्यांच्या पावडरीचा अर्धा डबा माझ्या खोलीतला सोबती युसुफ हमदुले यास द्यावा. त्याने एकदा बांगडा खाऊन माझ्या निळ्या टायला हात पुसले होते, ते मी माफ केले आहे. निळा टायही त्यालाच द्यावा, मच्छरदाणी बांधायला उपयोगी पडेल.

काळा टाय माझ्या ऑफिसातला कारकून मुनीर परकार याचा. मुनीर तो घालणार नाही हे मला माहीत आहे. सन १९६५ मध्ये नवा साहेब आला, उघड्या गळ्याचा आणि अर्ध्या चड्डीचा. त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितले की यापुढे टायची सक्ती नाही, आणि तासाभरात ऑफिसातले सगळे गळे मोकळे झाले. मुनीर मला म्हणाला, "नूरुद्दीनसाहेब, आता टाईम बदलला. साहेबच ओपन कॉलर येतो, आपण कशाला त्रास घ्यायचा? यल्ला, काढून टाका." तो चांगल्या मनाने म्हणाला. पण चौदा वर्षे ज्याच्यासाठी मान घासली ती गोष्ट इतकी स्वस्त होती, हे कोणी मला आधी सांगायला हवे होते. मी काढला नाही. आता तो कंपनीसाठी नाही, मला त्याच्याशिवाय बसता येत नाही म्हणून आहे.

किरमिजी टाय आणि पिन याकूबला द्यावी असे माझ्या मनात होते. मौलवी म्हणाले, तोही वारस आहे, त्यालाही मृत्युपत्राने काही जास्त देता येत नाही, बाकीच्यांची संमती लागेल. म्हणजे त्याला माझा एक टाय द्यायचा तरी हाफिजाला विचारावे लागेल. कायद्याची ही बाजू मला आवडली. टाय आणि पिन हाफिजाकडे पाठवावी. तिने द्यावी, न द्यावी, विहिरीत टाकावी.

बँकेतल्या रकमेत याकूबचा जो वाटा निघेल तो त्याने खुशाल घ्यावा. त्याबद्दल माझे एका अक्षराचे म्हणणे नाही. माझे भांडण घरापुरते आहे.

कलम ११. मला इथेच दुबईत दफन करावे. शव गावी नेण्याचा खटाटोप करू नये. कफनाला गळा नसतो, ते बरेच आहे. जनाज्याला याकूबने खांदा द्यायला यावे, त्याला कोणी अडवू नये. तो भाऊ आहे, आणि खांदा द्यायला माणसे कमीच असतात.

कलम १२. आता अर्जाचा शेवट. माझा मृत्यू झाल्यावर हा कागद मुनीरने आपल्या रजेत बंदरवाडीला न्यावा आणि साजिदाच्या लोखंडी कपाटात ठेवावा. याकूबने त्याचा होकार किंवा नकार दुबईहून पत्राने, निरोपाने किंवा दुसऱ्या माणसामार्फत कळवू नये. तसा आलेला चालणार नाही. दुसऱ्यामार्फत काय काय होते ते आम्ही बघितले आहे. त्याने स्वतः गावी जावे, ओटीवर बसावे, आणि खाली जो मजकूर मी लिहून ठेवला आहे त्यातला एक भाग स्वतःच्या हाताने खोडावा.

हाफिजाने त्याला काही मागू नये. हात जोडू नयेत, चाचा म्हणून गळ्यात पडू नये, रडू तर अजिबात नये. पाहुण्याला देतात तसा चहा द्यावा. साजिदा, तू मध्ये बोलू नकोस. हे मी विनंती म्हणून लिहितो, कारण हुकूम तू कधी ऐकला नाहीस. त्याने "सोडत नाही" हे शब्द ठेवले, तरी त्याला कोणी शिव्याशाप देऊ नयेत. मोजणीदार बोलावून आठ वाटे पाडावे आणि त्याचे तीन त्याला द्यावे. मी कबरीतून भांडायला येणार नाही.

फक्त एक. निकाहाच्या दिवशी हाफिजाची मान खाली होती. मुलीची असतेच, तशी रीत आहे. ज्याने माझ्या नावाने तिला दिले त्याचा चेहरा देताना कसा होता, हे तिने पाहिले नाही, आणि मीही पाहिले नाही. या वेळी तिने मान खाली घालू नये. त्याच्या समोर बसावे आणि त्याने कागदाला पेन लावल्यापासून उचलेपर्यंत त्याच्याकडे बघत राहावे. याकूब, तिच्या डोळ्यांसमोर तुला जे खोडता येईल, ते खोड.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. मुनीरने कलम दहा पुन्हा वाचायला लावले. युसुफ म्हणाला, बांगडा नव्हता, कोळंबी होती. दुरुस्ती नोंदवली आहे. त्यानंतर मी सही केली.

सही: नूरुद्दीन महमद फणसोपकर

साक्षीदार:
१. युसुफ हमदुले, खलाशी, राहणार देरा
२. मुनीर परकार, कारकून, राहणार देरा

स्थळ: देरा, दुबई
तारीख: ९ फेब्रुवारी १९६८, शुक्रवार

संमतीचा मजकूर

मी, याकूब महमद फणसोपकर, बंदरवाडी येथे, माझ्या भावाने बांधलेल्या घराच्या ओटीवर, हाफिजाच्या समोर बसून लिहून देतो की सदर घरातले माझे तीन वाटे मी तिच्यासाठी सोडतो / सोडत नाही.

सही:

तारीख:

खोडताना पाहणारी: हाफिजा नूरुद्दीन फणसोपकर